आमच्या प्रार्थनेत काय कमी पडलं?



गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात आपल्या चर्चमध्ये दोन मिस्सा झाल्या. सोमवारी सकाळची मिस्सा उपकारस्तुतीची होती. आपल्यातील एका गृहस्थांची हृदयाची बायपास शस्त्रक्रिया सुखरूप पार पडून ते घरी परतले होते. सारे कुटुंब आले होते, मिस्सानंतर पेढे वाटले गेले. शुक्रवारी दुपारी दुसऱ्या एका गृहस्थांचा अंत्यविधी झाला. त्यांचीही बायपासच झाली होती. दोघांच्या वयात दोन-तीन वर्षांचेच अंतर. त्याआधीच्या दोन रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण या दोघांची नावे एकापाठोपाठ एक घेतली होती आणि सर्वांनी मिळून एकाच आवाजात प्रतिसाद दिला होता. दोन्ही कुटुंबांना विचारूनच हे लिहीत आहे; नावे मात्र देत नाही.

महिन्याच्या मिस्साची नोंद करायला त्या दुसऱ्या गृहस्थांच्या पत्नी कार्यालयात आल्या. वहीत नाव लिहून झाले. जाता जाता दाराशी थांबून त्यांनी विचारले, "फादर, त्यांची देवानं ऐकली. आमच्या प्रार्थनेत काय कमी पडलं?"

मी म्हटले, "मावशी, देवाची इच्छा."

त्यांनी मान हलवली, छत्री उघडली आणि त्या गेल्या. ते उत्तर द्यायला मला दोन सेकंद लागले असतील. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला त्या दोन सेकंदांची नंतर लाज वाटली. कारण 'देवाची इच्छा' हे शब्द खोटे नसले तरी त्या क्षणी ते मी उत्तर म्हणून वापरले नव्हते, दार लावून घ्यायला वापरले होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. मावशींना तो मी आधी वाचून दाखवला आहे.

प्रथम मी माझे अज्ञान थोडे कमी केले. आपल्या धर्मग्रामातील दोन डॉक्टर आणि बरीच वर्षे सर्जिकल वॉर्डात काढलेल्या एक सिस्टर यांना विचारले, की शस्त्रक्रियेनंतर माणूस बरा होणे हे नेमके कशावर अवलंबून असते? मला वाटले होते, उत्तर एका शब्दाचे असेल: सर्जन. आपण सगळे तेच तर विचारतो, 'हात कुणाचा चांगला आहे?' पण तिघांनीही सर्जनचे नाव बऱ्याच उशिरा घेतले.

निकाल बराचसा रुग्ण टेबलावर जाण्याआधीच ठरू लागतो, असे ते म्हणाले. वय, हृदयाची आणि मूत्रपिंडाची ताकद, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, अंगात पोषण किती आहे, शस्त्रक्रिया ठरवून होते आहे की मध्यरात्री घाईने, हे सारे आधीच पानावर लिहिलेले असते. यातले काही आपल्या हातात नसते. काही मात्र असते. डेन्मार्कमधील एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलायचा असलेले १२० धूम्रपान करणारे रुग्ण त्यात होते. त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला किंवा निदान निम्म्यावर आणायला मदत केली गेली. बाकीच्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. नेहमीच्या गटात शंभरात ५२ जणांना काही ना काही गुंतागुंत झाली. मदत मिळालेल्या गटात १८ जणांना. सर्जन तेच, हॉस्पिटल तेच.

येथे मला थोडे आपल्या घरांबद्दल बोलू द्या. भूलतज्ज्ञ विचारतात, तंबाखू, दारू? आणि आपण म्हणतो, छे छे, कधीतरी सणासुदीला. आपल्या कित्येक आज्या मशेरी लावतात आणि ती तंबाखू आहे हे त्यांच्या मनातही येत नाही. रोज संध्याकाळी घेणारा माणूस ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवतो. हॉस्पिटलात ती एकदम बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरू लागतात, भास होतात, तो सलाईनच्या नळ्या उपटतो. मग नातेवाईक म्हणतात, ऑपरेशनने डोक्यावर परिणाम झाला. आधी खरे सांगितले असते तर त्यावर औषध होते. आठव्या आज्ञेचा विचार आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संदर्भात करतो. भूलतज्ज्ञासमोरच्या खुर्चीतही ती लागू आहे. तसेच ते उपाशीपोटी राहण्याचे. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून ते बंधन. आणि आमच्या प्रेमळ मावश्या पहाटे थर्मासमधून चहा आणतात, 'एक घोट घे, कोणाला कळतंय!' प्रेमानेसुद्धा माणसाचा घात होऊ शकतो, हे सिस्टरांनी मला अशा दोन प्रसंगांसह सांगितले.

मग शस्त्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक तपासणी यादी तयार केली. तिच्या मागे असलेले डॉक्टर अतुल गावंडे अमेरिकेत वाढले, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. यादीत काही जगावेगळे नाही. रुग्ण तोच आहे ना, अवयव आणि बाजू तीच आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिले का, शेवटी सुया आणि कापसाचे बोळे मोजून पुरे भरले का. आणि एक बाब अशी, की सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. आठ शहरांतील आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीचेही एक होते. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. २००९ च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झाले तेव्हा साऱ्या जगाला आश्चर्य वाटले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ती सक्तीची झाली आणि २०१४ साली तेथील १०१ हॉस्पिटलांचा हिशेब बाहेर आला: फारसा फरक नाही. का, यावर डॉक्टरांत वाद आहे. काहींच्या मते यादी तोंडाने म्हटली गेली, मनाने नाही. हे वाचताना मला आपली रोझरी आठवली, हे कबूल करतो.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेली ती तिसरी गोष्ट. अमेरिकेत २००९ मध्येच एक मोठा अभ्यास झाला. ज्या हॉस्पिटलांत शस्त्रक्रियेनंतर जास्त माणसे मरतात आणि ज्यांत कमी, त्यांची तुलना केली. अपेक्षा अशी की वाईट हॉस्पिटलांत गुंतागुंत जास्त होत असेल. तसे नव्हते. रक्तस्राव, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, शंभरात पंचविसाच्या आसपास. फरक पुढे होता. गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे शंभरात २१ दगावले, दुसरीकडे १२ किंवा १३. म्हणजे संकट सगळीकडे येते. ते वेळेवर कोणाच्या लक्षात येते, त्यावर पुढचे सारे ठरते. रात्री तीन वाजता नाडी थोडी जलद झाली आहे, लघवी कमी झाली आहे, माणूस नेहमीसारखा बोलत नाही, हे कोणाला दिसते का? दिसले तर ती नर्स डॉक्टरांना उठवायला घाबरते का? उठवल्यावर डॉक्टर येतात का? प्रभूने शिष्यांना जागे राहायला सांगितले त्यावर मी किती प्रवचने दिली आहेत. त्यांत एकदाही रात्रपाळीच्या नर्सचा उल्लेख केलेला मला आठवत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर दिवसेंदिवस निजवून ठेवत. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की लवकर उठवले, चालवले, खायला दिले तर माणूस लवकर सावरतो. पायांतल्या रक्ताच्या गाठी आणि छातीतला कफ हे अंथरुणाचेच रोग. म्हणून नर्स उठायला सांगते आणि आपण भेटायला जाऊन म्हणतो, 'उठू नकोस हं, पडून राहा.' आणि ते तीन चेंडूंचे श्वास ओढायचे यंत्र टेबलावर नातवंडांचे खेळणे होऊन बसते.

हळुवार गोष्टींचाही हिशेब झालेला आहे. बोस्टन येथे १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञांनी आदल्या रात्री नीट बसून सांगितले, की उद्या कुठे दुखेल, का दुखेल, आणि त्या वेळी श्वास कसा घ्यायचा, कूस कशी बदलायची. त्या रुग्णांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस लवकर घरी गेले. पेनसिल्व्हेनियातील एका हॉस्पिटलात पित्ताशय काढलेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा थोडे लवकर घरी गेले. हा १९८४ सालचा अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा. त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण वॉर्डातली खाट निवडायची वेळ आली तर मी खिडकीजवळचीच मागेन.

आता अवघड भागाकडे येतो. या कारणांच्या यादीत आम्हा धर्मगुरूंचीही दोनदा तपासणी झालेली आहे.

पहिली व्हिएन्नात. शहराच्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतज्वराने ११ टक्क्यांहून अधिक स्त्रिया मेल्या, दुसऱ्यात तीन टक्क्यांहूनही कमी. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर एकेक कारण तपासू लागला. त्यात एक कारण होते धर्मगुरू. मरणासन्न स्त्रीला शेवटचे संस्कार द्यायला जाताना त्यांना पहिल्या विभागाच्या पाच खोल्या ओलांडाव्या लागत, आणि पुढे एक सेवक घंटा वाजवत चाले. त्या घंटेच्या धसक्याने बाळंतिणी आजारी पडत असतील काय? सेमेलवाइसने धर्मगुरूंना विनंती केली, त्यांनी वाट बदलली, घंटा थांबवली. मृत्यू थांबले नाहीत. शेवटी कारण सापडले ते डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांत. प्रेतांची चिरफाड करून तेच हात ते बाळंतिणींना लावत होते. १८४७ च्या मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सुरू झाले आणि १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यू सव्वा टक्क्याच्या आसपास आले. पुढे १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेच्या जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि आजचे स्वच्छ ऑपरेशन थिएटर त्या वाटेने आले. सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला ही गोष्ट शिकवली होती. तेव्हा त्या घंटावाल्या धर्मगुरूंचे आम्हाला हसू आले. आज मला एकच वाटते. त्यांनी वाद न घालता वाट बदलली, हे त्यांचे मोठेपण.

दुसरी तपासणी आपल्या विषयाला थेट भिडते. अमेरिकेतील सहा हॉस्पिटलांत बायपास होणाऱ्या १८०२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला सांगितले, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, आणि ती झाली. दुसऱ्यालाही तेच सांगितले, पण ती झाली नाही. तिसऱ्याला सांगितले, नक्की होणार, आणि झाली. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती समूह होते. दोन आपल्या कॅथलिक पंथाचे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस, रुग्णाचे नाव आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन. २००६ साली निकाल आला. प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात गुंतागुंत ५२ टक्के, न झालेल्या गटात ५१ टक्के. आणि ज्यांना नक्की ठाऊक होते की आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९ टक्के.

हा तिसरा आकडा योगायोग असू शकेल, असे संशोधकांनीच म्हटले. त्यांच्यापैकी एकाने दुसरीही शक्यता बोलून दाखवली: 'मी इतका आजारी आहे की माझ्यासाठी प्रार्थनेची माणसे बोलवावी लागली' अशी धास्ती रुग्णांनी घेतली असेल. म्हणजे पुन्हा घंटाच.

अशा वेळी आम्ही प्रवचनकार एक पळवाट काढतो: देवाची परीक्षा पाहू नये, म्हणून हा अभ्यासच चुकीचा. परीक्षा पाहू नये हे खरेच आहे, मोहाच्या प्रसंगी प्रभूने सैतानाला तेच सुनावले. पण मी एक गोष्ट लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी याच वेदीवरून मी सॅन फ्रान्सिस्को येथील १९८८ सालच्या एका अभ्यासाचा दाखला दिला होता, कारण त्यात प्रार्थना झालेल्या हृदयरुग्णांची प्रकृती बरी निघाली होती. तेव्हा मला देवाची परीक्षा आठवली नाही. सोयीचा आकडा घ्यायचा आणि गैरसोयीचा आला की धर्मशास्त्र काढायचे, हे प्रामाणिकपणाचे नाही. मी तो दाखला मागे घेतो.

मग प्रार्थना काय करते? संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न तेराव्या शतकातच घेतला होता. त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत असे: आपण देवाचे मन वळवायला प्रार्थना करत नाही, देवाने जे प्रार्थनेतून द्यायचे योजले आहे ते मिळावे म्हणून करतो. आणि देव सारे काही स्वतःच्या हाताने करत बसत नाही, ते शक्ती कमी म्हणून नव्हे. आपल्या निर्मितीलाही कारण होण्याचा मान मिळावा म्हणून. वाडीतला केळीचा घड देवाने दिला की पाटाचे पाणी सोडले म्हणून आला, असे आपल्या आजोबांना कोणी विचारले असते तर ते हसले असते. सर्जनचा हात, चुन्याचे पाणी, रात्री जागी असलेली नर्स, सिगारेट सोडायला मदत करणारा मित्र ही देवाच्या कृपेची स्पर्धक नाहीत. जुन्या करारातील बेन सिरा याच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी जाऊन अवश्य वाचा. आजारी माणसाने प्रार्थना करावी, पापापासून वळावे, आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असे तो सांगतो. आणि वैद्यसुद्धा प्रार्थना करतो, हेही.

तरी मावशींचा प्रश्न शिल्लक राहतो. प्रार्थना जर कारण असेल, तर ती आकड्यांत का दिसत नाही? मला वाटते, आपण प्रार्थनेला नकळत औषधासारखे समजतो. इतक्या जणांनी इतके दिवस केली म्हणजे इतका गुण. मग गुण आला नाही की मात्रा कमी पडली असे वाटणारच. पण मागणे हे मात्रेत मोजले जात नाही, कारण समोर रसायन नाही, कोणीतरी आहे. गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूने एक मागणे मागितले होते: शक्य असेल तर हा प्याला टळावा. त्या रात्रीची नोंद कोणी अभ्यासाच्या तक्त्यात केली असती, तर ती 'परिणाम नाही' या रकान्यात गेली असती. त्या प्रार्थनेत काय कमी होते? विश्वास? घाम रक्तासारखा गळेपर्यंत केलेली ती प्रार्थना. संत पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला.

म्हणून मावशी, तुमच्या प्रार्थनेत काही कमी नव्हते. सोमवारच्या कुटुंबाच्या प्रार्थनेत काही जास्तही नव्हते. हे त्या कुटुंबानेही ऐकायला हवे. त्यांच्या आनंदावर पाणी टाकण्यासाठी मी हे म्हणत नाही, उपकार मानावेतच. पण 'देवाने आमची ऐकली' हे वाक्य जेव्हा आपण ध्वनिक्षेपकावरून म्हणतो, तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी त्याचा दुसरा अर्धा भाग मनात पूर्ण करत असते.

विज्ञान हाती आले म्हणजे आपण सुटलो, असेही नाही. मला वर सांगितलेले आकडे कळले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? शुक्रवारच्या गृहस्थांनी काय चूक केली असेल हा. ईयोबाचे मित्र आकडेवारी घेऊन परत आले म्हणा ना. शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून पाप कोणाचे असे विचारले; आपण विचारतो, शुगर कंट्रोलमध्ये होती का? वस्तुस्थिती अशी होती की सोमवारचे गृहस्थ शस्त्रक्रियेच्या आठवड्यापर्यंत विडी ओढत होते (हे छापायला त्यांनीच परवानगी दिली, वर हसलेही), आणि शुक्रवारचे गृहस्थ तोंडात सुपारीचे खांडसुद्धा घालत नसत. शंभरातले ५२ आणि १८ हे शंभर माणसांबद्दल बोलतात. या एका खाटेवरच्या एका माणसाचे काय होईल हे ते सांगत नाहीत, आणि का झाले हेही नाही. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय असे प्रभूने विचारले आणि स्वतःच नाही म्हटले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. उरलेल्यांनी वळावे असेही सांगितले. मला यातून एक नैतिक भेद दिसतो. कारणांचे ज्ञान शस्त्रक्रियेआधी आपले कर्तव्य ठरवायला आहे. मृत्यूनंतर कोणाच्या विधवेसमोर निकाल द्यायला नाही.

आणि 'देवाची इच्छा'? देव काही गोष्टी इच्छितो आणि काही होऊ देतो, हा भेद आपली श्रद्धा पूर्वीपासून करते. हात न धुणे देवाने इच्छिले नव्हते. बोळा पोटात राहणे, पहाटे बोलावूनही डॉक्टर न येणे ही देवाची इच्छा नव्हे. जिथे हलगर्जी झाली तिथे विचारणा करणे, लेखी खुलासा मागणे हे श्रद्धेच्या विरोधात नाही. उलट तिथे देवाचे नाव पुढे करणे म्हणजे त्याचे नाव व्यर्थ घेणे होय. मात्र प्रत्येक मृत्यूमागे हलगर्जी असतेच असेही नाही. सारे नीट होऊनही माणसे जातात. या गृहस्थांच्या बाबतीत कोणाचेही काही चुकल्याचे दिसत नाही. त्यांचे का झाले आणि सोमवारच्यांचे का नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

मावशींना हे सारे वाचून दाखवले. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गेथशेमानेचं पटलं, फादर. पण तो तिसऱ्या दिवशी उठला. आमचा तिसरा दिवस कधी?" या वेळी मी दोन सेकंदांत उत्तर दिले नाही. बराच वेळ आम्ही दोघे तसेच बसून होतो. मग त्यांनीच चहा टाकला.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा मरणाचा परवाना नाही. १९७२ साली पोप सहावे पौल यांनी या संस्काराचा विधी नव्याने लावून दिला, आणि गंभीर शस्त्रक्रियेआधी तो घेणे उचित आहे असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. तरीही मी हॉस्पिटलच्या वॉर्डात शिरलो की दोन खाटांपलीकडच्या लोकांचे चेहरे उतरतात. तेव्हा तारीख ठरली की कार्यालयात कळवा, स्ट्रेचर हलल्यावर फोन करू नका. शक्यतो आदल्या संध्याकाळी बोलवा. शस्त्रक्रियेच्या सकाळी तोंडात काही घ्यायचे नसते, मग ख्रिस्तप्रसादाबद्दलही डॉक्टरांनाच विचारावे लागते. रक्तदाते हवे असतील तर तेही त्याच वेळी सांगा, युवकांची यादी माझ्याकडे आहे. रात्री सोबत बसायला घरात माणूस नसेल तरीही सांगा. आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला आधीच कल्पना देऊन ठेवा, की फादर फक्त प्रार्थनेला येत आहेत.